दहापैकी दहा

“पोतनीसबाई, डोळे बांधा,” रणजितसाहेब म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचा पांढरा रुमाल माझ्या हातात दिला.

मी रुमाल बांधला. गाठ दोनदा मारली. मागून हसीना म्हणाली, “साहेब, आंधळी कोशिंबीर खेळायची तर अंगणात जाऊ या की. इथं टेबलं लागतील गुडघ्याला.”

“हसीनाबी, तुमचीही पाळी येणार आहे.”

“माझी काय पाळी! मी आत्ताच सांगते, महागाचा चांगला. घरी जाते मी.”

सगळे हसले. मीही हसले. रुमालाच्या आत मात्र माझ्या कपाळाला घाम फुटला होता.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोल्हापुरात मोहित्यांचा कॅसेटचा लहानसा कारखाना होता. मंगलाष्टका, आरत्या, व्रतांच्या कहाण्या, पोवाडे, असलं सगळं तिथे निघायचं. मूळ ध्वनिफीत आली की एकावेळी बारा कोऱ्या कॅसेटींवर तिची नक्कल व्हायची. दर पन्नास कॅसेटींतली एक उचलून ऐकायची, हे आम्हा तिघींचं काम. सुरुवात, मध्य आणि शेवट. आवाज चिरका नाही, मधे कुठे बुडत नाही, एका कानात कमी येत नाही, एवढं बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. मग त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक डबीत आमच्या क्रमांकाची छापील चिठ्ठी पडायची. ‘तपासणीस क्र. ३’ म्हणजे मी, मंदाकिनी पोतनीस. हसीना मुजावर पाच नंबर आणि शेवंता सुतार सात.

आमच्याकडे तीन हेडफोन होते, दिल्लीहून डझनाच्या भावात आलेले. काळं कडक प्लास्टिक, वर पातळ स्पंज. त्यातल्या एकाला शेवंतानं जुन्या मोज्याचा तुकडा शिवून टाकला होता. थोरले मोहिते आजारी पडले आणि त्यांचे चिरंजीव रणजितसाहेब मुंबईहून येऊन कारभार बघू लागले. येताना त्यांनी परदेशी हेडफोन आणला होता. चामड्याच्या पिशवीत, चांदीसारख्या रंगाचा. त्या एकाच्या किमतीत आमच्यासारखे तीस आले असते.

“असे दोनच घेणार आहे,” त्यांनी सकाळी सांगितलं होतं. “कान चांगले असतील तर दोघी पुरतात. तिसरीनं पॅकिंगला जायचं. मी कुणावर अन्याय करणार नाही. परीक्षा घेऊ. दहा वेळा ऐकवतो, कधी हा, कधी तो. कोणता ते ओळखायचं. ज्यांच्या कानांना फरकच कळत नाही त्यांनी आवाज तपासण्यात अर्थ नाही.”

पॅकिंगचा पगार निम्मा होता. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. घरी सासूबाई आणि मी. त्यांची औषधं, खोलीचं भाडं, सगळं माझ्या या दोन कानांवर चाललं होतं.

आणि माझे कान जात होते.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. गणपतीत मी सासूबाईंना म्हटलं होतं, “यंदा रातकिडे कसे नाहीत?” त्यांनी वात वळता वळता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मंदा, डोकं उठवलंय त्यांनी माझं.” त्यानंतर त्यांच्या गोळ्यांसाठी भाच्यानं दिलेलं छोटं घड्याळ. ते टीं टीं करायचं म्हणे. मला घड्याळ हातात घेऊन बघावं लागे. माणसांचं बोलणं नीट ऐकू येई. गाणं ऐकू येई. फक्त वरचं, बारीक, टोकदार असं जे काही असतं ते हळूहळू कुणीतरी पुसून टाकत होतं.

कामावर मी युक्त्या शोधल्या होत्या. यंत्रावरच्या काट्यांकडे बघत राहायचं. ते दोन्ही सारखे हलतायत ना, मधेच मान टाकत नाहीत ना. आणि शेवंता समोर बसली असेल तर तिच्या तोंडाकडे बघायचं. शेवंताचे वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. ती पट्ट्यांच्या ढिगाऱ्यात वाढलेली. तिच्या कानाला काही खुपलं की तिची डावी भुवई जरा वर जायची. मी त्या भुवईवर पाच महिने नोकरी केली होती.

आता माझे डोळे बांधलेले होते. काटे नाहीत, भुवई नाही.

“एक,” रणजितसाहेब म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हेडफोन चढला. सनई वाजू लागली.

मी श्वास धरून ऐकलं. सनई. मागे चौघडा. हेडफोन काढून त्यांनी दुसरा चढवला. सनई. मागे चौघडा. तीच, तशीच. इथे लोक म्हणतात जमीन-अस्मानाचा फरक, आणि मला तिळाएवढा फरक लागत नव्हता.

“पहिला कोणता होता?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं. दुसरा हेडफोन माझ्या कुडीवर दाबत होता. कुडीचा मळसूत्राचा भाग कानाच्या पाळीत रुतत होता, रोज संध्याकाळी दुखायचा तसा. पहिल्यानं दाबलं नव्हतं. पहिला मऊ होता, गादीसारखा, आणि जड.

“पहिला परदेशी,” मी म्हणाले.

“बरोबर. दोन.”

मऊ. “परदेशी.”

“तीन.”

कुडी रुतली. “आपला.”

चौथ्यापासून मी सनई ऐकणंच सोडून दिलं. उगाच थोडं थांबायचे, मान तिरकी करायचे, मग सांगायचे. दहा झाल्यावर रणजितसाहेबांनी स्वतः माझा रुमाल सोडला. “दहापैकी दहा! पोतनीसबाई, तुमचे कान सोन्याचे आहेत.”

हसीनाला आठ आले. शेवंताची पाळी शेवटी होती. ती पहिल्यापासून गडबडली. एकदा म्हणाली, “सारखंच लागतंय ओ.” रणजितसाहेब म्हणाले, “सारखं नाहीये. सांगा काहीतरी.” ती म्हणाली, “मग हाच असंल.” दहापैकी पाच. रुमाल सोडून तिनं घडी घातली आणि परत दिला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सोमवारपासून ती खालच्या मजल्यावर पॅकिंगला गेली.

त्या दोन दिवसांत मी नवा हेडफोन लावून बसले. त्यात सगळंच गोड लागायचं. गाणाऱ्याचा आवाज तुपात तळून काढल्यासारखा. समोरची खुर्ची रिकामी होती. हसीना पाठमोरी बसायची. मी काट्यांकडे बघून बघून डोळे लाल करून घेतले. मंगळवारी सासूबाईंनी विचारलं, “परीक्षेत पहिली आले म्हणतेस, मग जेवत का नाहीस?” मी म्हटलं, “उन्हाळा आहे.”

बुधवारी मंगलाष्टकांची मूळ ध्वनिफीत आली.

लग्नसराई तोंडावर होती. पाच हजार कॅसेटी काढायच्या होत्या. तीन व्यापारी पुढ्यात बसून होते. आधी मूळ फितीवर आम्हा तिघींच्या सह्या लागायच्या, आता रणजितसाहेबांचा नवा नियम होता. दहापैकी दहावाल्या बाईची एकटीची सही पुरे.

“दोन वाजता यंत्रं सुरू करायची आहेत,” ते म्हणाले. “तेवढ्यात ऐकून घ्या.”

मी तीनदा ऐकली. सावधान, सावधान. भटजींचा आवाज खणखणीत, बायकांचा कोरस, टाळ्या, सनई. काटे हलत होते. काही चुकीचं नव्हतं. निदान मला सापडत नव्हतं, आणि या दोन गोष्टींमधलं अंतर मला आता पुरतं माहीत झालं होतं. पेन हातात घेऊन मी चिठ्ठीवर टेकवलं आणि उचललं. असं चार वेळा झालं.

एक वाजता हसीना डबा घेऊन गच्चीवर गेली. मी जिन्यावरून खाली डोकावून हाक मारली, “शेवंता, वर ये गं जरा.”

ती आली. बोटांना डिंक लागलेला, कागदाच्या कडांनी चिरलेली. दारातच उभी राहिली. “काय ओ मंदाताई? डबा खाल्ला न्हाई व्हय?”

“हे एकदा ऐक.”

“मी कशाला? माझं पाच नव्हं का.”

“ऐक म्हणते ना.”

मी परदेशी हेडफोन पुढे केला. तिनं तो लावला, दोन मिनिटं ऐकलं, काढला. मग टेबलाच्या खणातून आपला जुना, मोजा शिवलेला हेडफोन काढला, यंत्राला जोडला आणि पुन्हा ऐकलं. डावी भुवई वर गेली.

“शिट्टी हाय,” ती म्हणाली.

“कुठे?”

“कुठं म्हंजे? पहिल्यापास्नं शेवटापातूर. बारीक. डास कानापाशी आल्यागत. ह्या महागाच्यात गोडव्याखाली दडती थोडी, पण हाय. आपल्या स्वस्तातल्यात तर सुई टोचल्यागत लागती.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “न्हाई लागत?”

बाहेर रस्त्यावर बर्फगोळ्याची गाडी जात होती. तिची घंटा हलताना दिसत होती.

“मला ऐकू येत नाही, शेवंता,” मी म्हणाले. हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान निघालं.

“ठावं हाय मला.”

“काय ठाऊक आहे?”

“दिवाळीपास्नं. माझ्या तोंडाकडं बघून तुम्ही सही करता. एकदा मी मुद्दाम भुवई उचलली, तर तुम्ही चांगली कॅसेट बाजूला काढलीसा.” ती हसली. वाईट नाही, नेहमीसारखंच हसली.

“मग बोलली नाहीस?”

“काय बोलू? तुमी काय चोरी करत हुतासा?”

“शनिवारी केली,” मी म्हणाले. “शनिवारी मी आवाज ऐकून नाही सांगितलं. कुडी रुतत होती. मऊ लागला की परदेशी, रुतला की आपला.”

“ते व्हय,” शेवंता म्हणाली. “ते तर शेंबडं पोरबी सांगंल. केवढं जड हाय ते. हसीनाआपाला बी कळलं. तिनं दोन मुद्दाम चुकवले, वहीम नको म्हणून. दहाचे दहा कुणी देतं व्हय मंदाताई?”

“आणि तू? तुला कळत होतं?”

“कळत हुतं की.”

“मग पाचच कसे?”

शेवंतानं मोज्याच्या टाक्यावरून बोट फिरवलं. “त्यांनी वजन कुठं इच्यारलं हुतं? आवाजाचं इच्यारलं हुतं. त्या सनईत मला फरक न्हाई लागला. नकलेची नक्कल हुती ती, दहादा वाजवून घासल्याली. फितीत जेवढं हाय तेवढंच कानात येणार. नसल्यालं कुठनं आणणार तो हेडफोन? म्हणून सारखंच हाय म्हणलं, तर साहेब म्हणले सांगा काहीतरी. मग दिलं ठोकून.”

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डिंकाचा वास आला.

“हे बघा,” ती हळू आवाजात, पण ओठ नीट हलवत म्हणाली. “रोज डब्याच्या टायमाला मी वर येते. काय असंल ते ऐकून सांगते. तुमी सही करायची. कुणाला कळायचं न्हाई. तुमच्यामागं सासूबाई हायत्या. मला नवरा हाय, दीर हाय, माझं भागतंय. आज सांगा साहेबांस्नी, शिट्टी हाय म्हणून. तुमचं नाव हुईल.”

ती जिना उतरून गेली. मी तिथेच बसून राहिले. इतकं सोपं होतं. रणजितसाहेब येतील, मी सांगेन, ते म्हणतील सोन्याचे कान. उद्या पुन्हा एक वाजता ती वर येईल. परवा पुन्हा. आणि खाली जाऊन ती तिच्या चिरलेल्या बोटांनी डब्यांत चिठ्ठ्या टाकेल. तपासणीस क्र. ३. तपासणीस क्र. ३.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना रणजितसाहेब आले. “झाली सही?”

“साहेब, जरा बसा,” मी म्हणाले. “रुमाल आहे ना? डोळे बांधा.”

“हे काय आता? व्यापारी थांबलेत.”

“दोन मिनिटं. तुम्ही आमची घेतलीत, मी तुमची घेते.”

त्यांना गंमत वाटली असावी. बसले, रुमाल बांधला. मी हेडफोन चढवला. “एक. कोणता?”

ते आवाजाची वाट बघायला क्षणभरही थांबले नाहीत. “परदेशी. लगेच कळतं हो.”

मी दुसरा चढवला. “दोन?”

“आपला.”

“तीन?”

“परदेशी. पोतनीसबाई, मला काय शिकवताय?”

“रुमाल काढा साहेब.”

त्यांनी काढला. मी हेडफोनची वायर वर धरून दाखवली. तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. यंत्राचं बटणही बंद होतं.

ते वायरकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. मला वाटलं आता ओरडतील. मी टेबल धरून बोलले. जे पाठ केलं होतं ते सगळं विसरले होते.

“माझे दहा असेच आले. शेवंताचे पाच खरे होते. या फितीत शिट्टी आहे. तिनं ऐकली. मला ती ऐकू येत नाही. मला बरंच काही ऐकू येत नाही, सहा-सात महिने झाले.”

त्यांनी जुना हेडफोन जोडला आणि मंगलाष्टका लावल्या. ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे असतील. दहा सेकंदांत त्यांनी हेडफोन ओरबाडून काढला.

“पाच हजार कॅसेटी,” ते म्हणाले. “पाच हजार लग्नं.”

मग ते दारापर्यंत गेले आणि तिथून वळून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेवंताबाईंना वर पाठवा. तुम्ही उद्यापासून खाली.”

आभार नाहीत, शाबासकी नाही. ठीकच होतं. परदेशी हेडफोन त्यांच्या खोलीतल्या कपाटात गेला. दुसरा आलाच नाही.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तरीच म्हटलं, मी इतक्या हाका मारते आणि ही गर्विष्ठासारखी बसून राहते.” दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासमोर येऊन बोलू लागल्या. वरच्या बिऱ्हाडाच्या मुलींच्या पोलक्यांना काजं-बटणं करायचं कामही त्यांनीच धरलं.

मी नऊ वर्षं पॅकिंगला होते. कारखाना बंद होईपर्यंत. किती हजार डब्यांत ‘तपासणीस क्र. ७’ची चिठ्ठी टाकली असेल ते देव जाणे.

ती शिट्टीवाली फीत पुन्हा रेकॉर्ड झाली. वाया गेलेल्या फितीची एक नक्कल मी मागून घेतली होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. ट्रंकेत पडून होती. परवा संक्रांतीला शेवंता तिच्या नातीला घेऊन तिळगूळ द्यायला आली. मी आता ऐकायचं यंत्र लावते. दोन प्रकारची होती, स्वस्त आणि महाग. भाच्यानं महाग घेऊन दिलं. रातकिडे परत आलेत. नातीनं कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला होता, म्हणाली, “आजी, तुमच्या काळातलं काहीतरी वाजवू या.” मी ट्रंक उघडली.

मंगलाष्टका सुरू झाल्या. भटजींचा आवाज जरा घोगरा झाला होता, पण होता. मी यंत्र वाढवलं, कान जवळ नेला, डोळे मिटले. सनई. चौघडा. त्याच्यावर काही नाही.

“ई!” नात कानावर हात ठेवून ओरडली. “ही शिट्टी कसली? केवढी टोचतेय!”

मी शेवंताकडे पाहिलं. जुनी सवय जात नाही. तिची डावी भुवई जागच्या जागी होती.

“लागतेय का गं?” मी विचारलं.

ती थोडी पुढे वाकली. बराच वेळ ऐकलं. मग हळूच मान हलवली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“न्हाई ओ मंदाताई. आता मला बी न्हाई लागत.”

“बंद करू का आजी?” नातीनं विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” शेवंता म्हणाली. “चांगलं वाजतंय.”